जास्तीचं कापड

शिंपीमास्तरांनी दुकानात सगळ्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. पन्नाशीत सुंता करून घ्यावी लागली, हे फक्त दुकानात इस्त्री करणाऱ्या धाकट्या भावाला ठाऊक होतं. दवाखान्यातून निघताना मास्तर त्याच्या कानात म्हणाले, "जास्तीचं कापड काढलं रे, फिटिंग तेच आहे." टाके ओढले जाईपर्यंत दोघं हसले होते.

दहाव्या दिवशी मास्तर ढगळ पायजम्यात, पाय फाकवत मशीनपाशी आले. पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक डोळा मारत म्हणालं, "काय मास्तर, जास्तीचं कापड काढलं म्हणे! फिटिंग तेच ना?" सगळं दुकान खदखदलं.

मास्तर इस्त्रीच्या टेबलाकडे वळले. भाऊ मान खाली घालून उभा होता.

"जन्मभर लोकांची मापं मी घेतली," मास्तर म्हणाले, "आणि माझं माप तू काढलंस."