पेटीतला पापड

मुळगावच्या कमलाक्षी गाड हिला सगळा गाव ‘गिमाळी मेस्तीण’ म्हणायचा. गीम म्हणजे उन्हाळा, मेस्तीण म्हणजे कारागीर बाई. हे नाव ठेवलं देवळाच्या सप्ताहाचं सगळं बघणाऱ्या सदाशिवभाऊंनी, आणि ठेवताना चारचौघांत असे खदखदून हसले की ते नाव तिला कायमचं चिकटलं.

कमलाक्षी भजनाच्या पेट्या दुरुस्त करायची. पेडण्याला माहेरी, वडिलांच्या शेजारी बसून शिकलेली विद्या. पेटी उघडून भात्यावर नुसता हात फिरवला तरी हवा कुठून गळते ते तिला कळायचं. पण हे सगळं मे महिन्यापर्यंत. पाऊस लागला की लाकूड फुगायचं, पट्टी दाबली की खालीच राहायची, भात्याला लावलेला सरस आठवडाभर ओलाच. बरं, माणसांना पेटी आठवते कधी? श्रावणातल्या सप्ताहाला आणि गणपतीत, चवथीच्या आरत्यांना! गिमात पेट्या घोंगडीखाली झोपलेल्या असतात आणि पावसात ज्याला त्याला घाई. मग दारात आलेल्याला मान खाली घालून सांगायचं, “चवथ जाल्यार येवा.” तो हसत परत जायचा. त्या हसण्याने तिला जेवण गोड लागत नसे. ज्या दिवसांत आपली खरी गरज, त्याच दिवसांत आपण बिनकामाचे, हे शल्य तिने वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही.

तिची कामाची जागा म्हणजे घराला लागून असलेलं गॅरेज. नवरा दत्ताराम खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, गॅरेज रिकामं झालं. तिथे तिने आपली हत्यारं मांडली.

तिचा भाऊ प्रवीण म्हापशाला गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजात कामाला. तिथे रंग सुकवायला नवी खोली बांधली आणि जुना हीटर अडगळीत गेला. तो त्याने रिक्षात घालून बहिणीकडे आणला. पुरुषभर लांबीची विजेची नळी, तिच्या पाठीवर चकचकीत पत्र्याचं वाकवलेलं छप्पर, आणि वाशाला टांगायला दोन साखळ्या.

“गोंयांत हीटर?” दत्ताराम म्हणाला. “आमका घाम कमी येता म्हणून?”

“भावजी, हो वारो तापवना,” प्रवीण म्हणाला. “समोर जी वस्तू आसा ती तापयता. वतासारखो.”

वत म्हणजे ऊन. कमलाक्षीने तेवढा एकच शब्द ऐकला. भर पावसात, आपल्या गॅरेजात, आपल्या मर्जीने पडणारं ऊन! त्या क्षणी तिला भावाला मिठी मारावीशी वाटली. तिने त्याला चहा आणि दोन उंडे पाव दिले.

पण पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. लोकांच्या पेटीवर प्रयोग कसा करायचा, म्हणून वडिलांची जुनी पेटी मांडली. हीटर लावला अगदी खाली, डोक्याला लागेल असा, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शटर घट्ट ओढून घेतलं. नळी लाल झाली. थोड्या वेळाने भिंतींना घाम सुटला, खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळू लागलं, आणि पेटीचं झाकण काडकन उभं तडकलं. आतलं लाकूड मात्र अजून गारच होतं. बापाची पेटी ती! कमलाक्षी जमिनीवर बसून लहान मुलीसारखी रडली. दत्तारामने गुपचूप बटण बंद केलं, आणि या माणसाची एक गोष्ट मानायला हवी, त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

दोनेक दिवस ती गॅरेजात फिरकली नाही. मग घरातले उडदाचे पापड मऊ पडले, तेव्हा मनात आलं, हीटर आहेच तर हे तरी सुकवावेत. चळतीची चळत ताटात घालून हीटरखाली ठेवली. काढायला गेली तर वरचा पापड वाकून कडक झालेला आणि तळचा रुमालासारखा मऊ. कमलाक्षी ताट हातात धरून उभीच राहिली. झाकण का तडकलं ते पापडाने सांगितलं होतं: वर सुकलं, आत ओलं राहिलं, मग लाकूड बिचारं दुसरं काय करणार?

तिने हीटर उचलून वाशाजवळ नेला. शटर उघडं टाकलं, कारण लाकडातली ओल बाहेर पडली तर ती जाणार कुठे? पेटी उघडून, मासळी उलटावी तशी ती या कुशीवरून त्या कुशीवर फिरवू लागली. आणि एक पापड पेटीवर, एक पेटीच्या पोटात. वरचा वाकायला लागला की आच कमी करायची. पोटातला कट्ट करून मोडला की पेटी सुकली. वडिलांची पेटी अशी सुकवून, झाकण सांधून तिने वाजवली, तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता आणि एकही पट्टी अडकली नाही.

एवढ्यात सप्ताह तोंडावर आला, आणि देवळाचं कौल सरकून रात्रभर पाणी गळलं ते नेमकं देवळाच्या पेटीवर. सदाशिवभाऊ ती घेऊन म्हापशाला धावले. तिथल्या पेटीवाल्याकडून उत्तर मिळालं, चवथीनंतर बघू. शेवटी पेटी घेऊन ते कमलाक्षीच्या दारात उभे राहिले. चेहरा असा, की जणू कुणी ढकलून आणलंय.

“जमात काय गे तुका? पावसात?”

“ठेवा,” ती म्हणाली. तोंडाने एवढंच. मनात मात्र हिशेब चालू होता. ही पेटी मुकी राहिली तर ते नाव तिला जन्मभर पुरणार होतं, आणि ही बोलली तर...

सदाशिवभाऊ रोज डोकावून जायचे. “अगो, शटर बंद कर. सगळी ऊब भायर जाता!”

“जावंदी. ओल पण जाता.”

सप्ताहाच्या सकाळी भात्याचा सरस धरला होता, पट्ट्या हलक्या उठत होत्या. राहिली होती पोटातल्या पापडाची परीक्षा. कमलाक्षीने पेटीत हात घातला. पापड नाही!

“अहो, हंयचो पापड खंय गेलो?”

“तो? पेजेवांगडा भाजून खाल्लंय,” दत्ताराम सावकाश म्हणाला.

परीक्षेचा पापड पेजेबरोबर नवऱ्याच्या पोटात! नवा पापड ठेवून वाट बघायला वेळ नव्हता. भाऊ न्यायला येऊन दारातच उभे होते, सगळं ऐकत. ती नवऱ्यापुढे उभी राहिली. “खरां सांगा. भाजच्या आदी मोडलास तेव्हा कसो मोडलो?”

दत्तारामने आठवून बघितलं. बायकोचा चेहरा पाहून त्याला कळलं की ही चेष्टेची वेळ नाही. “दोन तुकडे करूक गेलंय,” तो म्हणाला, “तर कट्ट करून वाजलो. तुकडो उडान थेट चुलीकडे गेलो.”

कमलाक्षीने पेटीचं झाकण लावलं. “घेवन जावा,” ती भाऊंना म्हणाली.

दुपारी देवळात समई लागली. इथला सप्ताह नावालाच सात दिवसांचा; प्रत्यक्षात एक दिवस-रात्र, वाड्यावाड्यांनी पाळीपाळीने अखंड भजन करायचं. पहिल्या वाड्याचं भजन उभं राहिलं. कौलांवर पाऊस इतका कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. कमलाक्षी बायकांत मागे खांबाला टेकून बसली होती, डोळे पेटीवर. वाजवणाऱ्याने भाता ओढला, पट्टी दाबली, आणि सूर असा स्वच्छ आला की पखवाजवाल्याने मान वर करून पाहिलं. पट्ट्या टकाटक वर येत होत्या. वाड्यांमागून वाडे आले, वाजवणारे बदलले, पेटी तीच. दुसऱ्या दिवशी आरती होईस्तोवर एक पट्टी अडकली नाही. कमलाक्षी घरी आली ती छाती काढून चालत, भर पावसात, छत्री बगलेत तशीच मिटलेली. आपण भिजतोय याचं तिला भान नव्हतं, आणि असतं तरी पर्वा नव्हती.

त्याच आठवड्यात गॅरेजात पेट्यांची रांग लागली. मयेची, नार्व्याची, पार थेट पेडण्याची. शटर उघडं, बाहेर पाऊस, आत ऊन. आणि एका संध्याकाळी सदाशिवभाऊ आले. एका हातात घरची जुनी पेटी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. दारात घुटमळले, चपला काढल्या.

“मेस्तीणबाय,” ते म्हणाले, “घरात आसंस मगो?”

गिमाळी हा शब्द त्यांनी कुठे टाकला कोण जाणे, पण तो मुळगावात पुन्हा कुणाला सापडला नाही. कमलाक्षीने पिशवी उघडून पाहिली. आत उडदाचे पापड होते.

“दोन पेटयेक,” भाऊ म्हणाले. “उरलेले दत्तारामाक.”