आगोबाची मालकीण

आमच्या घरवालीएवढी अडेल बाई भिलाईच्या एकाही सेक्टरात झाली नाही आन् आता होणारबी नाही. दुसऱ्या बाया शेवटच्या दिवशी देवाचं नाव घेतेत, ही बाई आग ओकणाऱ्या अजगराचं नाक चिकटवत होती. मी समोर बसून मैद्याची लई, म्हणजे कागद चिकटवायची खळ, ढवळून राहिलो होतो. सकाळची वेळ, गणपती बसलेले, आन् आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात ती अन् मी अन् मधात ते भलं मोठं तोंड.

"लई पातळ झाली," ती म्हणाली.

"लई बरोबर हाय. तुहा कागद जाड हाय."

"सारा जलम भट्टीवर काढला, पण या माणसाले मैदा शिजवता नाही आला," हे तिनं मले नाही, अजगराले सांगितलं. तिची सवयच होती ती. माही तक्रार ती त्याच्यापाशी करे. तो ऐकून घेई, उलटून बोलत नसे, म्हणून घरात त्याचा मान माह्यापेक्षा जास्त.

माहं शिक्षण चौथीपर्यंत, तिचं तेवढंबी नाही. आम्ही दोघंबी भंडाऱ्याकडचे. मी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागलो आन् तिले घेऊन आलो. त्या काळात प्लांट उभारायले आलेले रशियन साहेब लोक भिलाईत सहकुटुंब राहत. त्यातल्या एका मेमसाहेबाची आन् हिची सिविक सेंटरच्या भाजीबाजारात ओळख झाली. एकीले दुसरीचा एक शब्द समजत नव्हता, पण दोघी तास तास बोलत. हिनं तिले पुरणपोळी शिकवली. मेमसाहेब मायदेशी परत गेली तेव्हा हिले एक कॅलेंडर देऊन गेली. त्यात एका पानावर घनदाट जंगल, मधात तीन तोंडाचा, पंखवाला, आग ओकणारा अजगर, आन् खाली त्याच्या पायाशी पडलेली मुंगीएवढी माणसं. झालं. बाईनं ते पान काढून देव्हाऱ्याच्या बाजूले लावलं. खाली काय लिहिलं हे तिले वाचता येत नव्हतं, म्हणून कथा तिनं स्वतःच केली. दूर जंगलात, जिथं सडक नाही, बस नाही, तिथं एक जमात राहते. बाकीच्या जगाले तिचा पत्ता नाही. तो अजगर त्यांचा देव. रोज त्याले नैवेद्य लागते. उशीर झाला तं जंगल पेटवते. त्याचं नाव आगोबा.

"तीन तोंडं कुठी गेली?" मी इचारलं, कारण तिनं बांबूच्या कमच्यांचं एकच तोंड बांधलं होतं.

"तीन तोंडाचं पोट कोण भरन? तुमचा पगार किती?"

असा आगोबा आमच्या घरी आला आन् राहिला. वर्षातून एकदा, गणपतीत, आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात त्याचं काम असे. बाकीचे दिवस तो आमच्याच घरी. डोकं व्हरांड्यात, धड मागच्या खोलीत बाजेवर, शेपटी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागं. पाहुणे आले का पहिले त्यांची आगोबाशी ओळख करून दिली जाई, मग पाणी. सेक्टरात कोणाचं काही मोडलं का लोक भंगारवाल्याले नाही, हिले आवाज देत. स्कूटरचा मागचा लाल दिवा फुटला तं त्याचा डोळा होई. सिमेंटच्या रिकाम्या बोऱ्यांची कातडी. मोडक्या छत्रीचे पंख. एका इंजिनीयर साहेबाची छत्री मोडलेली नव्हती, नुसती वाळत घातली होती, पण ते प्रकरण मिटलं.

आन् तान्ह्या पोळ्याले तं तिनं कहरच केला. आमच्या इकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे बैल सजवून रांगेत उभे करतेत, चांगल्या बैलाले बक्षीस भेटते. त्या रांगेत ही बाई आगोबाले चाकाच्या पाटावर ठेवून घेऊन गेली. शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरं, कपाळाले कुंकू. तपासणारे मास्तर म्हणाले, "बाई, हा बैल नाही."

"कावून नाही? शिंगं हायेत, शेपूट हाय, वर्षभर राबते आन् काही मागत नाही. आखीन काय पाहिजे बैलाले?"

मास्तरांनी त्याले उत्तेजनार्थ स्टीलची वाटी देली. वाटी बरेच दिवस आगोबाच्याच नावानं होती, मले तीत ताक भेटत नसे.

नाटक ती बसवे. लिहिता येत नव्हतं, तं लेकरांले समोर बसवून तोंडानं सांगे, आन् लेकरं पाठ करत. विषय मंडळ ठरवे, पण विषय कोणताबी असो, आगोबा येईच. रामाचा वनवास बसवला तं आगोबा. "वनच हाय ना ते? मग वनात जनावर नसते का?" साक्षरतेचं नाटक झालं, त्यात आगोबा पाटीवर श्री गिरवे. लहान कुटुंबाच्या नाटकात आगोबानं दोनच अंडी घातली. अंडी घालते म्हणजे तो नर का मादी, हे इचारायची हिंमत कोणत्याच सेक्रेटरीत नव्हती.

आगोबाच्या पोटात मी. भट्टीवरचा माणूस, आगीले भीत नाही, असं तिनं परस्पर ठरवलं. एका हातात नारळाच्या शेंड्यांचं पेटतं धुपाटणं, दुसऱ्या हातानं जबडा उघडायची दोरी. बाहीर आगोबा रागावला का आत मी फुंकर मारे, आन् तोंडातून धूर निघण्याच्या पहिले माह्या नाकात जाई. मग आगोबा असा खोकले का मागून कोणी ओरडे, "अरे, देवाले दमा हाय!" इतके वर्ष मी त्या नाटकात काम केलं, पण नाटक कधी पाहिलं नाही. मले फक्त लेकरांचे पाय दिसत.

पहिल्या वर्षी जंगलच्या जमातीची लेकरं तिनं काजळ फासून, पाला बांधून नाचवली होती. "हूऽ हूऽ" करत आगोबाभोवती कुदत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खलाशाची, म्हणजे प्लांटात अवजड माल उचलणाऱ्याची, बायको घरी आली. ती गोंड, दल्लीच्या लोखंडाच्या खाणीपुढच्या जंगलातली. हसतच आली, पण बसली नाही.

"दीदी, हमन जंगल के मनखे हन. हमन ला अइसन हू-हू करत कब देखे हस?" जंगलची माणसं आम्हीच, आमाले असं करताना कधी पाहिलं, असा तिचा सवाल. मंग आगोबाकडं बोट करून म्हणे, "अउ ए का देवता ए? ए तो टेटका आय!" टेटका म्हणजे तिकडच्या बोलीत सरडा. "मोर देवता पेड़ मं रहिथे, चुपचाप. काकरो जंगल नइ जलावय."

आमच्या बाईले कोणी बोललं तं ती दोन बोलल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी मात्र तिनं चहा मांडला. मंग म्हणाली, "चुकलं वो बाई माहं. मी तुही माणसं पाहिली नाही, कॅलेंडरातली पाहिली." तेव्हापासून दोघींचं जे जमलं ते जमलं. भिंतीवरून भाजीच्या वाट्या जात आन् येत.

पण मंग आगोबाले पुजायचं कोणी? त्याच सुमारास प्लांट पाहाले कामगारांच्या बायकांले नेलं होतं. हिनं भट्टीचं तोंड उघडताना पाहिलं, लोखंडाचा धबधबा पाहिला. घरी आली आन् जेवताना एकदम म्हणाली, "तुमी रोज त्याच्या तोंडापुढं उभे राहता?"

"मंग कोण राहीन?"

पुढच्या गणपतीत जंगलच्या जमातीनं पाला सोडला. डोक्यावर हेल्मेट, पायात बापाचे गमबूट, जे मांडीपर्यंत येत. जंगलात हरवलेला एक सेक्टर आहे, तिथं सिटी बस जात नाही, पोस्टमन जात नाही, बाकी भिलाईले तो माहीतच नाही. तिथले लोक भोंगा झाला का रांगेत येतेत, आगोबाले दगड आन् कोळसा चारतेत, आन् हात जोडून म्हणतेत, देवा, आजच्या पाळीत सांभाळ. लोकं हसून हसून पडले. प्लांटमधले सगळ्यात जास्त हसले, आन् मंग त्यातले काही उगाच चष्मा पुसत बसले.

एक वर्ष मात्र मंडळाले हिरो पाहिजे होता. कॉलेजातला एक धिप्पाड पोरगा, पत्र्याची खरी तलवार. त्यानं आगोबाले मारायचं असं ठरलं. पोरगा रंगात आला. पहिला वार कातडीवर बसला, दुसरा माह्या खांद्यावर. आगोबानं अशी शिवी हासडली का पुढं बसलेल्या बायांनी कानावर हात ठेवले. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. तिसरा वार पडायच्या आत आमची बाई मंचावर. पदर खोचलेला. हिरोच्या हातातून तलवार ओढली, कानाखाली एक देली, आन् माईकवर सांगितलं, "आगोबा मरत नाही. पडदा पाडा."

तो तिचा नियम झाला. आगोबा चिडन, रुसन, जंगल पेटवन, पण मरणार नाही. कावून म्हणून कोणी इचारलं तं म्हणे, "ज्याच्या भरोशावर चूल पेटते त्याले मारतेत का?" खरं कारण मी तिले कधी इचारलं नाही. माह्या खांद्याले तिनं आठ दिवस हळद लावली, तेवढं मले माहीत आहे.

या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी नवा. माणूस वाईट नाही, ऑफिसर आहे, मराठी असं बोलते का इस्त्री केल्यासारखं. नाटकाच्या चार दिवस अगोदर घरी आला. "वहिनी, लोकांना आता शेवट हवा असतो. दुष्टाचा नाश झालाच पाहिजे. ड्रॅगन मरणार नसेल तर मग यंदा ड्रॅगन नको."

"त्यानं कोणाचं काय खाल्लं, भाऊ?"

"तसं नव्हे, पण नाटकाच्या दृष्टीनं..."

"शेवट माह्यापाशी हाय. असा हाय का तुमी पाहत राहसान. परवा तालमीत सांगतो."

तो चहा पिऊन गेला. पण जाताना म्हणाला, शेवट पसंत नाही पडला तर मी माझा लिहीन.

म्हणून त्या सकाळी नाक चिकटवताना मी इचारलं, "काय शेवट हाय? मले तं सांग."

"तुमाले कायले पाहिजे? तुमी तं आतच असता."

नाक चिकटलं. तिनं हात धुतले, म्हणाली, जरा पाठ टेकतो, वरणाचा कुकर उतरवून ठेवा. मी कुकर उतरवला. आवाज देला. आखीन एकदा देला. डॉक्टर आला तोवर काही राहिलं नव्हतं. हृदय म्हणाले. आमची पोरगी गोंदियाले देली, ती दुपारच्या गाडीनं आली. दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी रडून रडून आत झोपली होती. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो होतो. मरणाच्या घरी चूल पेटवत नाही, शेजारी आणून देतेत, आमच्याकडं त्याले कडू घास म्हणतेत. खलाशाची बायको ताट घेऊन उजाडतानाच आली होती. भात आन् मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी. "खा ले भइया." मी नाही म्हटलं. ती ताट झाकून तिथंच भिंतीले टेकून बसली. उठेना.

तेवढ्यात सेक्रेटरी आला. फाटकाच्या बाहीरच उभा राहिला. त्याच्या मागं नाटकाची लेकरं, मेंदीच्या कुंपणाआड.

"भाऊ, ही वेळ नव्हे, कळतं मला. नाटक बंद ठेवू असं म्हटलं, तर मुलं रडायला लागली. वहिनींसाठी करायचंच म्हणतात. तुम्हाला सुतक, तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी आत घालू. पण त्यांचा शेवट तर कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा मी लिहिलेलाच..." तो थांबला. "ड्रॅगन मरतो असा."

लेकरं माह्याकडं पाहून राहिली होती. त्यांच्या काकूनं शेवट मले सांगितला असन, असं त्यांले वाटे. मले काही माहीत नव्हतं. पण तोंडातून निघालं, "मले माहीत हाय."

मी फाटकापर्यंत गेलो. "पोरांनो, तिकडंच बसा. शिवू नोका. ऐकाले काही होत नाही." लेकरं सडकेवर मांड्या घालून बसली.

"लोक रोजच्यासारखे नैवेद्य घेऊन येतेत. आगोबा बाहीर येत नाही. आवाज देतेत, येत नाही. मंग भीतभीत गुहेत जातेत. पाहतेत तं आगोबा कोपऱ्यात बसून हाय. त्याची आग विझली. धूरबी निघत नाही."

"कावून विझली, काका?"

"विझते. कोणाचीबी विझते. मधात बोलू नोको."

"मग हिरो उसको मारता है?" गमबुटातला एक पोरगा बोलला.

"विझलेल्याले कोण मारते बे? हिरोले म्हणा, तलवार घरी नेऊन भाजी चीर." लेकरं हसली. सेक्रेटरी हसला नाही. "मंग लोक निघून जातेत. आगोबाले वाटते, गेले सारे, आता कोणी येत नाही. आग नाही तं देव कायचा? पण ते घरी जाऊन शिजवतेत. ज्याच्या घरी जे असन ते. ते घेऊन वापस येतेत, त्याच्यापुढं ठेवतेत, आन् तिथंच बसतेत. बोलत नाही काही. बसून राहतेत."

सेक्रेटरीनं इचारलं, "आणि शेवट?"

"हाच शेवट."

"पण भाऊ, टाळ्या कुठे पडणार?"

"नाही पडल्या तं नाही पडल्या."

त्यानं खाली मान घातली. मंग खिशातून त्याचे घडी केलेले कागद काढले, तसेच परत ठेवले, आन् लेकरांले म्हणाला, "संध्याकाळी तालीम. असंच बसवायचं. वहिनींचा शेवट आहे."

लेकरं उठली. दोन चोट्या घातलेली एक बारकी पोरगी मात्र कुंपणापाशीच उभी राहिली.

"काका, मग आगोबा जेवते का?"

मी वळून पाहिलं. मागं खलाशाची बायको अजून तशीच भिंतीले टेकून बसली होती.

"जेवते," मी म्हटलं.

मी पायरीवर येऊन बसलो, आन् तिच्याकडं हात केला. तिनं ताट पुढं सरकवलं. भात थंडा झाला होता. पोरगी कुंपणावरून पाहून राहिली होती, म्हणून मी सगळा संपवला.