मागाची चाकं आणि पुलाचा चढ

आमचे हे यंत्रमागाचे जॉबर. माग बंद पडला की कारखानदार फोन करणार आणि हे जाऊन तो चालू करणार, यावर आमचं घर चालायचं. शुगरपायी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा हात शाबूत राहिले म्हणून मी देवाला नारळ फोडला. पुढे हाताने फिरवायची तीनचाकी मिळाली. सपाटीवर ठीक होतं, पण बहुतेक कारखाने रेल्वेच्या पुलापलीकडे. त्या चढावर मला मागून ढकलावं लागे. ओळखीचं कुणी दिसलं की ह्यांची मान खाली. ढकलायचं मी आणि लाज वाटायची ह्यांना, याचा मला भारी राग यायचा.

एक दिवस ह्यांनी भंगारातून पॉकेट बाईकचं इंजिन आणलं. हौशी लोक पोरांना घेऊन देतात ना, गुडघ्याएवढी मोटारसायकल, तिचं. इंजिन एवढंसं, पण ओरडणं असं की गल्लीतली कुत्री पळाली. ते तीनचाकीला जोडलं. सपाटीवर गाडी सुसाट, पण पुलाच्या पायथ्याशीच क्लचमधून धूर.

"सगळा जोर नुसता फिरण्यात चाललाय," हे म्हणाले. "मधी गिअर घालून फेरे कमी केले की चढंल."

म्हणजे लहान चाकाने मोठं चाक फिरवायचं. गती घटते, जोर वाढतो. आता जन्म मागांत गेलेला माणूस चाकांसाठी दुसरीकडे कशाला बघेल? एका मोडीत काढलेल्या मागाची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दातेरी चाकं आणली, पेटीत बसवली, वर तेल भरलं.

"ही चाकं माझ्या बापाच्या काळापास्नं फिरत्यात. काय व्हत न्हाय ह्यांना. आणि आज तू मागं यायचं न्हाय."

मी गेलेच. एका हातगाडीच्या आडोशाने, अंतर ठेवून.

अर्धा चढ गाडी झकास चढली. मग पेटीत कडकड वाजलं, इंजिन मोकळंच किंचाळायला लागलं आणि तीनचाकी क्षणभर थांबून मागे यायला लागली. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, आणि चढावर सगळं वजन मागे. पुढचं चाक नुसतं घासत होतं. खालून बस चढत होती. मी धावले, दोन्ही हात गाडीच्या पाठीला लावले, पाय रोवले. चप्पल तुटली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला.

ह्यांना मी दिसत नव्हते. "ओ भाऊ, सोडू नका!" हे ओरडले. "पाया पडतो तुमच्या, सोडू नका!"

उभ्या आयुष्यात मी ह्यांना कुणापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज न काढता मी गाडी कशीबशी कडेला घेतली. मग ह्यांनी वळून पाहिलं.

आता भांडण होणार असं मला वाटलं, पण झालं नाही. घरी येऊन पेटी उघडली, तर काळ्या तेलात तुटलेले दात. त्यातला एक उचलून हे म्हणाले, "माग दमानं चालतो. ह्या इंजिनचे फेरे बिडाला झेपायचे न्हाईत. जॉबर असून येवढं कसं सुचलं न्हाय मला?"

मग वर्कशॉपमधून पोलादी दातेरी चाकं कापून घेतली, मागच्या चाकांनाही ब्रेक बसवला. या खेपेला स्वतःच म्हणाले, "चल मागनं. वर पोचलो की थांबतो."

चाकाखाली सारायला लाकडी ठोकळा घेऊन मी निघाले. गाडी मागच्या वेळच्या जागेशी आली, तेव्हा मी श्वास रोखला. माझे कान फक्त त्या पेटीकडे. कडकड झाली नाही. इंजिनचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. आमच्यातलं अंतर वाढत गेलं, मी पळायला लागले, आणि मध्ये ट्रक आला तशी तीनचाकी दिसेनाशी झाली.

धापा टाकत वर पोचले, तर हे तिथे नव्हतेच. पलीकडच्या उतारावर, पार खाली, ह्यांची ताठ पाठ दिसली.

"अवो! थांबा की!" रागाने माझा आवाज फाटला. थांबतो म्हणाले होते!

दुसरी हाक तोंडाशी आली, ती मी गिळली. ठोकळा घेऊन तिथेच उभी राहिले, गाडी कारखान्यांच्या वळणाला जाईपर्यंत. ह्यांनी मान वर ठेवली होती आणि एकदाही मागे पाहिलं नाही. मग मात्र मला रडू आवरेना.