शून्य वेताची कालवड

न्हावऱ्याचे आबा नसते तर मी त्या खुर्चीवर टिकले नसते. हे आधी सांगते, बाकीचं मागून. आबा म्हणजे दूध संस्थेचे जुने नोंदणीवाले. वीस वर्षं सायकलवरून गोठ्यागोठ्यात जाऊन त्यांनी एकेक जनावर वहीत उतरवलं. मी वाशीमकडची, नववीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या कंपनीमुळं शिरूरला आलेली. थोडं क्लासात, थोडं जुन्या पुस्तकातून कॉम्प्युटर शिकून संस्थेत तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. आईला मात्र एसटीडी बूथवरून सांगून बसले, की कायम झाले.

काम होतं आबांच्या वहीचा कॉम्प्युटरवर फॉर्म करायचं. गाव, मालक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि वेतं, म्हणजे गाय किती वेळा व्याली ते. हा रकाना कुणी मोकळा सोडू नये म्हणून मी जावास्क्रिप्टची एक ओळ लिहिली: भरलेल्याचा आकडा कर, आणि काही नसेल तर अडव. एवढीशी ओळ, पण मला तिचा अभिमान वाटायचा.

घोळ असा झाला, की त्या ओळीला शून्य म्हणजेही ‘काही नाही’ वाटायचं. न व्यालेल्या कालवडीपुढं फॉर्म भरणाऱ्या मुलींनी शून्य टाकलं की फॉर्म पुढंच सरकेना. मुलींनी एक टाकला आणि सुटल्या. संस्थेचे गुरांचे डॉक्टर यादी घेऊन मांडवगण फराट्याला गेले, व्यालेली गाय तपासायला, तर दाव्याला कालवड. मालकानं चहा पाजला आणि पोटभर हसून घेतलं. डॉक्टर परत आल्यावर आवाज न चढवता म्हणाले, गुरुवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर वही परत सुरू. वही सुरू म्हणजे मी घरी.

मी घाबरून ती अडवणारी ओळच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी बघते तर म्हाताऱ्या गायीसुद्धा कालवडी झालेल्या. मोकळ्या रकान्याचा आकडा करायला सांगितला, की जावास्क्रिप्ट गुपचूप शून्य हातात ठेवतं. हे मला कुठं ठाऊक होतं?

आबा त्या दिवशी सहज आले होते. माझं तोंड बघून खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “काल तुझ्या मशिनीनं कालवड याली म्हणून सांगितलं, आज म्हातारीला कवारी केली. लई जोरात हाय की.” मला हसूही येईना. मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि वेतांच्या रकान्यावर बोट ठेवलं. कुठं शून्य, कुठं आडवी रेघ, कुठं नुसती मोकळी जागा. माझी नजर त्यावरून कितीदा फिरली असेल, पण मी कधी विचारलं नव्हतं.

“शून्य म्हंजी याली न्हाई. रेघ म्हंजी इचारलं, पर बाजारातनं आणल्याली, मालकालाच ठाव न्हाई. मोकळं म्हंजी घराला कुलूप व्हतं, पुन्यांदा जायाचं. तिन्ही एकाच दाव्याला बांधू नगंस, पोरी.”

मी वही मागून घेतली आणि गुरुवारपर्यंत खुर्ची सोडायची नाही असं ठरवलं. आकडा करण्याआधीच रकाना तपासायला लागले. आधी आजूबाजूच्या मोकळ्या जागा खरवडून काढल्या, कारण मुली नुसता स्पेसबार दाबूनही निसटल्या असत्या. त्यानंतर काहीच उरलं नाही तरच ते मोकळं, आणि ते घर पुन्हा जायच्या यादीत. शून्याला वाट दिली. ‘मालकाला ठाऊक नाही’ अशी खूण करायला वेगळी चौकट केली. तिथं मशीन आकडा ठेवत नाही, ‘नल’ ठेवतं, म्हणजे आबांची रेघच. आबा शेजारी बसून वाचत गेले, मी भरत गेले. शून्य, रेघ, मोकळं, स्पेस. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी डॉक्टरांना दोन याद्या मिळाल्या. एक तपासायच्या गायींची, दुसरी कुलूप असलेल्या घरांची. त्यांनी दोन्ही वाचल्या, घडी घातली आणि दौंडकडची गावंही यातच घ्या म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही. मी बूथवर जाऊन आईला फोन लावला आणि पुन्हा तेच सांगितलं, कायम झाले. या वेळी ते खोटं वाटलं नाही.

आता आबांना मोतीबिंदूनं नीट दिसत नाही. सायकलच्या कॅरिअरवर भिजलेल्या त्यांच्या वह्या घरात पत्र्याच्या पेटीत आहेत. एक दिवस त्या सगळ्या मी कॉम्प्युटरवर चढवणार आणि आबांना वाचून दाखवणार. शून्याच्या जागी शून्य, रेघेच्या जागी रेघ. जिथं मोकळं, तिथं अंदाजानं एक आकडाही भरणार नाही, हा माझा त्यांना शब्द आहे.