सासूचा मस आन् घोड्याची शेपटी

दवाखान्याचा टांगा हाकला की किस्से गोळा करावे लागत न्हाईत, आपसूक चढून बसत्यात. लढाईच्या सालात मी नगरला बायकांच्या दवाखान्याचा टांगा हाकायचो, तवाचं हे.

*

आमच्या डॉक्टरीणबाई लई चिवट. गाठ कापली की फेकायच्या न्हाईत. बरनीत औषधाच्या पान्यात घालून पुन्याला तपासाया धाडायच्या. बरनी रेल्वेनं न्यायला मी.

एकदा पुन्याच्या जकात नाक्यावरच्या कारकुनानं बरनी हुंगली आन् म्हनला, दारू हाय.

मी म्हनलं, "मंग घ्या की एक घोट."

त्यानं तळाशी काय हाय ते बघितलं, आन् तोंड दाबून पळाला.

*

पुढं माझ्या घोड्याची शेपटी इरळ व्हाया लागली. मसाला घोड्याचा केस आवळून बांधला की मस गळतो, असं आमच्याकडं समदे मानत्यात. म्हंजी कोनतरी केस उपटत हुतं. माझं डोकं फिरलं. पहाटं चाबूक घेऊन तबेल्यात दबा धरला आन् चोराचा हात धरला. बघतो तर काष्टी गावची माझी सासू, लेकीकडं ऱ्हायला आलेली!

जावयाशी कवा बोलायची न्हाई, समदं बायकोच्या मार्फत. बायकोला हाक मारून मस कुठं हाय इचारलं तर लेकीला म्हनाली, "त्यांना सांग, हाय कुठंतरी."

तोंडावर न्हाई, हातावर न्हाई. मंग उमगलं. अवघड जागचं दुखनं आन् जावई डाक्तर, म्हनत्यात. मी तर नुसता टांगेवाला!

*

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. साधा मस दिसतोय म्हनल्या, तरी कापला. ती बरनी मीच मांडीवर घेऊन पुन्याला गेलो.

रिपोर्ट आला, कॅन्सर.

बाई म्हनल्या, "मलाही मसच वाटला होता. म्हणून तर मी सगळे पाठवते." आता मोठं ऑपरेशन, आन् लगोलग केलं तरच जगायची आशा.

सासू अडून बसली. एकदा झालं तेवढं बास, मसानं कोन मरतं का? बायको रडाया लागली. सासूला ल्योक न्हाई. मी बायकोला वरडून सांगितलं, "तिला सांग, मेली तर खांदा मीच देनार. जावयाच्या खांद्यावरनं मसनात जायाचं का टांग्यातनं दवाखान्यात?"

सासू गुमान टांग्यात जाऊन बसली.

*

त्यातनं उठली ती येगळीच बाई. काष्टीच्या बाजारात शेंगा इकताना बायांना खनखनीत आवाजात इचारायची, खाली काय गाठबीठ हाय का? गडी मानसं वाट बदलायची.

एक दिस चौघीजनींना रेल्वेनं घेऊन आली. बाईंनी एकेकीला इचारलं, काय होतंय? पैली म्हनली, पाठ दुखती. दुसरी, पाठ. तिसरीची बी पाठ. चौथीनं तर नुसतं पाठीकडं बोट केलं.

मी दाराभाईर हुतो. आतनं सासूचा आवाज आला.

"बाई, पाठीचं ऱ्हाऊ द्या. दार लावा आन् लुगडी सोडाया सांगा. मी इथनं हलत न्हाई."