हरलेल्यांचं फाटक

माझे धाकटे दीर मोठ्या मैदानावर फाटकवाले होते. उभा जन्म फुटबॉलच्या दारात गेला, पण एक सामना धड पाहिला असेल तर शपथ. फाटकवाल्यानं तोंड रस्त्याकडे ठेवायचं आणि पाठ खेळाकडे, ही तिथली शिस्त. भाऊजींना त्याचं दुःखही नव्हतं. "त्यात बघायचंय काय, वहिनी?" म्हणायचे. "ज्यानं गोल केला तो नाचतो, ज्याच्यावर झाला तो पंचाच्या आईची चौकशी करतो."

कान मात्र तयार. कुठली गॅलरी ओरडली, कशी ओरडली, यावरून पाठमोरे उभे राहून सगळं सांगायचे. हा गोल, हा खांबाला लागला, आता कुणीतरी पडल्याचं सोंग करतोय. मी दुपारचा डबा घेऊन जायची तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या खोलीत बसून ही गंमत ऐकायची. धाकटी जाऊ वारल्यापासून डबा माझ्याकडे होता. त्यांच्या एकुलत्या लेकीच्या वेण्याही माझ्याकडेच होत्या, तिचं लग्न होईपर्यंत.

या कानांवर एक मोठं काम चालायचं. आमच्या मैदानाचा नियम असा, की हरलेल्यांना आधी सोडायचं. भाऊजी नवे नवे कामाला लागले तेव्हा एकदा दोन्हीकडची माणसं एकाच रस्त्यावर एकदम सुटली होती. त्यात भाऊजींचा पुढचा दात गेला आणि मग नियम आला. सामना संपला की हरलेल्यांचं फाटक उघडायचं, जिंकलेल्यांचं कुलपात ठेवायचं. नाचू देत आत. जिंकलेल्या माणसाला घरी जायची घाई नसते. शेवटची शिट्टी त्या गदारोळात फाटकापर्यंत पोचायची नाही, म्हणून भाऊजी आवाजावरून ठरवायचे. कधी चुकले नव्हते.

त्या वर्षी देशाच्या कपाची अंतिम लढत आमच्याकडे लागली, आणि उरले कोण, तर किनारवाले आणि डोंगरवाले. अख्ख्या देशात दुसरे संघच नव्हते जणू! ही माणसं एरवी एकमेकांच्या बसमध्येसुद्धा बसत नाहीत. आमचं शहर बरोबर मधे, त्यामुळे मार दोन्हीकडून.

आणि भाऊजींची लेक दिलेली डोंगराकडे. डोंगरवाल्यांच्या गॅलरीचं फाटक भाऊजींच्याच वाट्याला आलेलं.

"तू येऊ नकोस," त्यांनी तिला फोनवर बजावलं. "जावयांना येऊ दे. तू घरी बस."

"अहो बाबा, तिकिटं काढून झाली. आणि तुमच्याच फाटकातून तर येणार आहोत. मग भीती कसली?"

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हिला भीती नाही, म्हणून मला दुप्पट वाटते बघा."

सामन्याच्या दिवशी सकाळपासूनच शहराचा चेहरा बरा नव्हता. झाडूवाले कचरा सोडून दगड वेचत होते. फाटकासमोरच्या न्हाव्यानं दोन्ही संघांचे झेंडे आणून ठेवले होते, गिऱ्हाईक बघून लावायला. दुपार व्हायच्या आत त्यानं दोन्ही गुंडाळले आणि शटर ओढून घेतलं. बस आल्या त्या खिडक्यांना जाळ्या लावूनच. उतरणारी माणसं गात नव्हती. गाणारी गर्दी मला चालते. गप्प गर्दी नाही चालत.

लेक आली ती हसतच, नवऱ्याचा मफलर गळ्यात घालून. भाऊजी हसले नाहीत. "खालच्या पायरीवर बस. फाटकाला लागून. उघडलं रे उघडलं की पहिली तू बाहेर."

"म्हणजे आम्ही हरणार हे धरूनच चाललात की!" जावई म्हणाले.

"जावईबापू, जिंकलात तर अंधार पडेपर्यंत आत अडकाल. हरलात तर हिला घेऊन उजेडात घरी पोचाल. आता मी देवाकडे काय मागावं, तुम्हीच सांगा."

सामना सुरू झाला आणि ज्यांना तिकिटं मिळाली नव्हती असे किनारवाले आमच्या फाटकासमोर येऊन उभे राहायला लागले. त्यांचं फाटक पार पलीकडे. इथे काय काम, हे विचारायला पोलीस हवेत, आणि पोलीस होते मोठ्या पाहुण्यांच्या दाराशी. एकजण येतो, मग चार येतात, मग रस्ताच दिसेनासा होतो, तसं झालं. मी डबा उघडून दिला. भाऊजींनी घास घेतला नाही.

बरोबरी सुटेना. उन्हं उतरायला आली, खेळाची वेळही संपत आली. आणि एकदम किनाऱ्याच्या गॅलरीतून असा आवाज उठला, की खोलीचा पत्रा थरथरला. आमची गॅलरी दिवा विझावा तशी गप्प.

"संपलं," भाऊजी म्हणाले. "हरले हे." किल्ली कुलपात गेलीसुद्धा.

"जरा थांबा की. शिट्टी कुठे झाली?"

"शिट्टी कधी ऐकू येते का, वहिनी?"

एरवी ते आवाज ओसरेपर्यंत थांबायचे, मगच अडसर काढायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. लेक खालच्या पायरीवर बसलेली होती ना.

अडसर निघाला, फाटक अर्धं उघडलं, आणि तेवढ्यात आमच्याच गॅलरीनं आरोळी ठोकली. भाऊजींचा हात दारावरच राहिला. पंचानं गोल रद्द केला होता. सामना अजून चालू होता.

समोरचे किनारवाले आधी चालतच आले. मग मागच्यांनी रेटलं. फटीत एक अडकला, त्याच्या अंगावर दुसरा, आणि फाटक लावायची सोयच उरली नाही. आतले लोक आनंदानं खाली झेपावत होते, बाहेरचे वर घुसत होते, आणि मधे खालची पायरी. पायरीपुढे मैदानाची जाळी.

"बाबा!" एकदाच ऐकू आलं. नंतर नुसता माणसांचा श्वास, पोतं ओढल्यासारखा.

भाऊजींनी फाटक सोडलं. भिंतीलगतच्या बोळातून ते जाळीतल्या छोट्या दाराकडे धावले. ते दार जखमी खेळाडूची खाट न्यायला. सामना चालू असताना प्रेक्षकांसाठी उघडलं तर नोकरी गेली समजा. त्यांनी उघडलं. माणसं हिरवळीवर सांडली, एकमेकांवर पडली, उठली, अख्खी गॅलरी मागोमाग उतरली. ते बघून पलीकडच्या गॅलरीनंही कुंपण तोडलं. खेळाडू पळाले. सामना जो थांबला तो थांबलाच.

कुणी दगावलं नाही, हे नशीब. लेक मला गोलच्या खांबाला टेकून बसलेली सापडली, हात मफलरमध्ये बांधलेला. हाड मोडलं होतं. तिच्याजवळ भाऊजी उभे, किल्ली अजून हातातच.

कप कुणालाच मिळाला नाही. भाऊजींची नोकरी गेली आणि फोटो पेपरात आला, हातात किल्लीसकट. किनारवाले म्हणाले, याच्यामुळे आमचा विजय बुडाला. डोंगरवाले म्हणाले, यानंच आमच्या बायकापोरांवर गर्दी सोडली. एवढं एकमत त्यांचं पूर्वी कशावरही झालं नव्हतं. आमच्या दारावर रात्रीतून कुणीतरी खडूनं शिव्या लिहून गेलं. मी घासून काढल्या. अक्षर मात्र सुरेख होतं हो.

लेकीच्या हाताला प्लास्टर घातलं आणि आठवड्यानं ती सासरी निघाली. "बाबा, थोडे दिवस तिकडे येऊ नका," एवढंच म्हणाली. आम्ही दोघं बसपर्यंत सोडायला गेलो. खिडक्यांच्या जाळ्या अजून काढल्या नव्हत्या. ती खिडकीशी बसली, जावई पिशव्या वर ठेवत होते. पुढच्या सीटवरची बाई वळली.

"अगं, हाताला काय झालं?"

"मैदानावर होतो आम्ही."

"त्या मेल्या फाटकवाल्याचे हात झडोत! आमच्या आळीतली पोरं म्हणतात, एकदा इकडे फिरकू दे, नाहीतर त्याचं कुणी सापडू दे." मग गोड आवाजात, "माहेर कुठलं गं तुझं?"

भाऊजी खिडकीखालीच उभे होते, पाण्याची बाटली वर धरून. लेकीनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिनं कुठल्याशा लांबच्या गावाचं नाव घेतलं. तिथे आमच्यापैकी कुणी कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.

"आणि हे कोण?" बाईनं खाली बोट केलं.

 जावयांचे हात पिशवीवरच थांबले.

भाऊजींनी बाटली दारातून कंडक्टरच्या हाती दिली आणि परक्या माणसानं सरावं तसे दोन पावलं मागे सरले.

"पाणी राहिलं होतं तुमचं खाली," ते लेकीला म्हणाले. "सांभाळून जा हो, ताई."