अंड्याशेजारची वेल

वरोऱ्याच्या आमच्या घरात फळीवर अंथरलेला कागदसुद्धा पत्रकाचा असे. डब्यांखालून डोकावणाऱ्या मथळ्यांवर मी वाचायला शिकले. 'शेळी'च्या आधी मला 'शोषण' वाचता येत होतं. वडील मोर्चातले, सभांतले. छापलेलं कधी खोटं नसतं अशी माझी समजूत होती, आणि असलंच तर ते समोरच्यांचं पत्रक.

तरीही आमच्याकडे अंडं मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात शिजायचं. आईचा तेवढा हट्ट होता. डुकराचं तर नावही निघत नसे. देवाधर्मावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माझ्या वडिलांच्या एकाही पत्रकात डुक्कर आलेलं मला आठवत नाही.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी एका छोट्या मंडळाबरोबर गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडे काम करू लागले. गरोदर बायांच्या आहारावर एक चित्रांचं पत्रक काढायचं होतं आणि मजकूर माझ्याकडे होता. पुस्तकं समोर ठेवून मी तुलना मांडली. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, तीही अंगी लागणारी. शिवाय 'अ' जीवनसत्त्व, जे डुकराच्या मांसात नावापुरतंच. उलट तळहाताएवढ्या मांसात तीन-चार अंड्यांइतकी प्रथिनं, चरबीची ताकद, आणि रक्त वाढवणारं लोह. अंड्यातही लोह असतं, पण शरीर ते सहज घेत नाही. आणि डुकरात 'ब एक' जीवनसत्त्व भरपूर. गावात गिरणी आली आणि तांदूळ पांढराशुभ्र झाला, त्याबरोबर नेमकं हेच ताटातून निघून गेलं होतं. खाली मी एक ओळ जोडली : डुकराचं मांस पूर्ण शिजवूनच खा, नाहीतर पोटात जंत होतात.

अंडं श्रेष्ठ की डुक्कर, असा तो प्रश्नच नव्हता. त्या गावांत अंडं कोणी खात नसे. अंडं म्हणजे उद्याची कोंबडी, आणि कोंबडी म्हणजे देवाचा, पाहुण्याचा, आजाऱ्याचा हक्क. डुक्कर मात्र दारात होतं. सणाला कापलं की पानांवर घरागणिक वाटे पडत. गरोदर बाईच्या घरालाही वाटा मिळे.

गडचिरोलीच्या बैठकीत माझा मजकूर वाचला गेला आणि खोलीत हसू पिकलं.

"डुकराचं चित्र कोणत्या शाळेच्या भिंतीवर लावणार, ते सांगा आधी," मंडळाचे एक ज्येष्ठ म्हणाले.

"ज्या शाळेतली पोरं डुक्कर खातात, तिच्या," मी म्हणाले.

"ताई, पत्रक वाटणार मास्तर, आणि त्यांतल्या अर्ध्यांना अंडंच चालत नाही. डुक्कर टाकलंत, तर पत्रक गठ्ठ्यातून बाहेर यायचं नाही."

"म्हणजे पत्रक मास्तरांसाठी काढतोय आपण? गरोदर कोण आहे, मास्तर?"

पुन्हा हसू. मग हात वर करून ठरलं. अंडं राहिलं.

छापखाना चंद्रपुरात होता. मालक चाचा, पिढीजात मुसलमान कारागीर, अजून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे. मजकूर आधीच पाठवलेला होता, त्यामुळे मी पोहोचले तेव्हा पान बांधून तयार होतं, डुकरासकट. मी खाली मान घालून सांगितलं की तेवढा भाग काढायचा आहे.

"काऊन?"

"लोकांना वाईट वाटेल म्हणतात."

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बेटी, वाईट वाटायचं तं मले वाटलं पाहिजे. मी खात नाई, शिवत नाई. पण अक्षर जुळवताना अक्षरच असते. काढायचं म्हंता, काढतो."

चिमट्यानं एकेक खिळा काढून ते खणात टाकत गेले. शिशाचा तो टकटक आवाज. शेवटी अंड्याच्या चित्राशेजारी मोकळी जागा उरली.

"जागा खाली नाई ठेवता येत, पान हालते," म्हणत त्यांनी लग्नपत्रिकेतली एक वेलबुट्टी तिथं बसवली. गुलाबी शाईत पत्रक निघालं : एक अंडं, 'रोज एक अंडे खा', आणि बाजूला वेल.

धानोऱ्यापासून आत, जंगलातल्या एका गावात मी ज्या घरी उतरत असे, तिथली सून पहिलटकरीण होती. वयानं माझ्यापेक्षा लहान. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या, हात नेहमी गार. सासू ठणठणीत, तोंडाची तिखट. मी दोघींना पत्रक दिलं आणि तोंडी सांगितलं की अंडं नसेल तर डुकराचा वाटा तू खा, चांगला शिजवून खा, उलट त्यानं रक्त लवकर भरेल.

"मंग कागदावर काऊन नाई?" सून म्हणाली.

"कागदावर जागा नव्हती."

"एवढी मोठी वेल काढाले जागा होती."

सासू हसली. "तिले मास्तरीण कर व पोरी, बाळंतपण राहू दे."

पुढच्या खेपेला उन्हाळा उतरणीला लागला होता. सून मला हात धरून शेजारच्या ओसरीवर घेऊन गेली. टोपलीत एक खुडूक कोंबडी बसली होती. तिनं कोंबडी अलगद उचलली. खाली चार अंडी, पांढरी, मोठी, एकसारखी. गावठी अंडं असं नसतं.

"बाजारची," ती म्हणाली. गावात डुक्कर कापलं, तेव्हा तिनं आपला वाटा पानात बांधला आणि धानोऱ्याच्या बाजारात नेऊन अंडीवाल्याला दिला. त्यानं ही चार अंडी दिली.

"मग खाल्ली का नाहीस?"

"चार दिवसांत सरली असती. तुया कागदावर रोज एक म्हंते. रोज कुठून आणू? म्हून शेजारणीच्या कोंबडीखाली ठेवली. चार कोंबड्या झाल्या की मंग रोज अंडं."

तिच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. पत्रकात जे लिहिलं होतं ते तिनं आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. मी एक अंडं उचलून उन्हात धरलं. आत काहीच हललं नाही, एकही लाल रेघ नव्हती. मग मी तिला सांगितलं की पोल्ट्रीत कोंबडे ठेवत नाहीत, ही अंडी कधीच फुटणार नाहीत.

"मंग यात कोण हाये?"

"कोणीच नाही."

ती थोडी हसली. एक हात आपसूक पोटावर गेला होता. "कोणीच नाई? आणि कोंबडी कवाची बसून राह्यली."

अंडं तिनं परत जागेवर ठेवलं, कोंबडी वर बसवली. "बसू दे. तिले कोण सांगन?"

"पुढच्या वेळी वाटा तूच खा," मी म्हणाले. "माझी शपथ आहे तुला."

"तू बोलते ते बोलणं हाये बाई. कागदावर तं अंडंच हाये."

मी मंडळात गेले, भांडले, टेबलावर हात आपटले. नव्या आवृत्तीत डुक्कर घ्यायचं कबूल झालं, पावसाळ्यानंतर.

पावसाळ्यात नाले भरले आणि तिकडचा रस्ता तुटला. पाणी ओसरल्यावर मी गेले, तेव्हा दारात सासू एकटी धान पाखडत होती. बाळंतपणात रक्त गेलं, थांबलं नाही. बाळही राहिलं नाही. बाज उचलून नाल्यापर्यंत नेली होती, पलीकडे जाता आलं नाही.

डुकराच्या एका वाट्यानं ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. एवढं शास्त्र मला कळतं. नाल्यावर पूल असता तर, रक्ताची बाटली असती तर, लोहाच्या गोळ्या वेळेवर आल्या असत्या तर. मी यांतल्या प्रत्येकावर पुढं पत्रकं लिहिली, आणि ती जळजळीत आहेत. पण डोळा लागता लागता दिसते ती टोपली. कोंबडी बसलेली आहे, आणि खाली कोणी नाही.

त्या हिवाळ्यात गावात पुन्हा डुक्कर कापलं. मी तिथंच होते. पानांवर वाटे पडले. सासूनं आपला वाटा घरी आणून शिजवला, त्यातला थोडा पानात बांधला आणि मला म्हणाली, "चाल." गावाबाहेर सागाच्या झाडांखाली मेलेल्यांचे दगड उभे होते. सुनेचा दगड नवा, बुटका. रान इतकं गप्प होतं की पान पडलेलं ऐकू येत होतं.

सासू उकिडवी बसली. पदरातून तिनं एक अंडंही काढलं. गावठी, लहान, मातकट.

"मेलेल्याले आवडीचं ठेवतात. तिनं जाताना काईच नाई सांगितलं. अंडं ठेवलं तं घरची कोंबडी कमी होते, पण तिनं म्हटलं असतं तं ठेवलं असतं. तूच सांग पोरी. तुले दोन्हीतलं कळते. तुया कागदावर काय लिवलं हाये?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"डुक्कर," मी म्हणाले. "आधी तेच लिहिलं होतं, बाई. मग काढलं."

"काऊन काढलं?"

मी दगडापुढचा पाचोळा हातानं बाजूला केला. तिनं पुन्हा विचारलं नाही. अंडं परत पदरात गेलं. मांसाचं पान उलगडून तिनं दगडापुढं ठेवलं. त्यातला एक तुकडा तिनं स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्यापुढं धरला. मेलेल्याला ठेवलं की सोबतच्यानं थोडं खायचं असतं, नाहीतर तोही जेवत नाही, म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी डुक्कर खाल्लं. मीठ, मिरची, धुराचा वास. ते पूर्ण शिजलेलं होतं.